घरचें दप्तर आणि आकाशांतलें चित्र

मराठ्यांचा इतिहास आज आपल्या हातीं आहे तो केवळ सरकारी दप्तरखान्यामुळें नव्हे. घरोघरच्या माळ्यांवरील पेट्यांनीं व फडताळांतील रुमालांनीं तो तगवून धरला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं प्रसिद्ध झाले ते १९३० ते १९३४ ह्या काळांत. त्याच्या तीस-बत्तीस वर्षें आधीं, १८९८ सालीं, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड छापला होता. आणि पुढें २२ खंडांपर्यंत गेलेल्या ह्या मालेचा मोठा आधार होता तो गांवोगांवच्या जुन्या घराण्यांकडे पडून राहिलेल्या पत्रांचा. हीं पत्रें ज्यांनीं पिढ्यानुपिढ्या जपलीं त्यांतील बहुतेकांस आपण इतिहास जपीत आहों ह्याची जाणीवहि नसावी. बापानें ठेविलें म्हणून मुलानें ठेविलें. त्याला त्याचा उपयोग दिसत नव्हता, तरी त्यानें तें जाळलें नाहीं. ह्या भाबड्या निष्ठेवर आपल्या इतिहाससंशोधनाची इमारत उभी आहे.

गेल्या शंभर वर्षांत मात्र दप्तराचें स्वरूपच पालटलें. शब्द कागदावरून उठून लहरींवर बसला, आणि त्याच्या मागोमाग चित्रहि गेलें. नभोवाणीनें जें ऐकविलें व दूरचित्रवाणीनें जें दाखविलें त्यांतच ह्या काळाचें पुष्कळसें चरित्र सांठलेलें आहे. परंतु पत्र ज्याला आलें त्याच्या घरीं राहतें. प्रक्षेपित चित्राचें तसें नाहीं. तें कोट्यवधि घरांत एकाच क्षणीं येतें आणि दुसऱ्या क्षणीं एकाहि घरांत नसतें. मग ह्या चित्राचें घरचें दप्तर कोणीं ठेवावयाचें, आणि कशानें? प्रस्तुत लेखांत ह्या प्रश्नाचा थोडा पूर्वेतिहास पाहावयाचा आहे. आणि तो पुण्या-मुंबईच्या नव्हे, तर लोहाऱ्याच्या ओट्यावर बसून पाहावा, असें आम्हांस वाटतें.

लोहारा हें धाराशिव जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. पूर्वेस उमरग्याचा मुलूख, दक्षिणेकडे नळदुर्गचा किल्ला, आणि त्यापलीकडे थोड्याच अंतरावर कर्नाटकाची सीमा. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. ह्याच तालुक्यांतील हिप्परगें येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ ह्या शाळेंत अध्यापन करीत असत. हैदराबादेंतील नभोवाणी १९३५ सालीं निजाम सरकारनें आपल्या हातीं घेतली, आणि तेव्हांपासून ह्या भागांतील लोकांस आकाशांतून येणारा शब्द हा राज्यकर्त्याचा शब्द झाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेनें नळदुर्ग घेतला, आणि चारच दिवसांनीं, १७ तारखेस, निजामानें हैदराबादच्या नभोवाणीवरून शरणागति जाहीर केली. मराठवाड्याच्या इतिहासांतील एवढें मोठें वाक्य. पण तें वाऱ्यावरून आलें आणि वाऱ्यावरच गेलें. शंभर वर्षांपूर्वींची असती तर अशा प्रसंगाची एखादी बातमीपत्राची नक्कल कोणाच्या तरी रुमालांत सांपडली असती. नभोवाणीच्या श्रोत्याच्या घरीं तिचा कपटाहि राहणें शक्य नव्हतें.

स्वामी रामानंद तीर्थ २२ जानेवारी १९७२ रोजीं निवर्तले. मुंबईचें दूरदर्शन केंद्र उघडलें तें त्याच वर्षीं २ ऑक्टोबरास. आठ महिन्यांचें हें अंतर लहान खरें. पण ज्या पिढीनें मराठवाडा मुक्त केला तिच्यांतील किती माणसें महाराष्ट्राच्या ह्या नव्या आरशांत आपलें मुख न उमटवितांच निघून गेलीं, ह्याची त्यावरून कल्पना येईल.

यानंतरचा प्रसंग लोहाऱ्याच्या अगदीं उंबऱ्यापाशीं येऊन थांबलेला आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत भारत सरकारनें अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहाच्या साहाय्यानें खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणी पोंचविण्याचा एक प्रचंड प्रयोग केला. ‘साइट’ ह्या नांवानें तो प्रसिद्ध आहे. सहा राज्यांतील सुमारें २४०० खेडीं त्यासाठीं निवडलेलीं होतीं. शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीवर दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशा जाळीची, तबकडी बसवावयाची. आंत एक संच. सकाळीं दीड तास शाळेंतील मुलांसाठीं आणि संध्याकाळीं अडीच तास साऱ्या गांवासाठीं कार्यक्रम. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन व करमणूक हे त्याचे विषय. ह्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकांतून जे तीन जिल्हे घेतले होते त्यांत मात्र गुलबर्गा होता. आणि गुलबर्गा शहर लोहाऱ्यापासून सरळ रेषेनें शंभर किलोमीटरांच्या आंतच आहे. १९५६ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यांत नांदत होते. भाषावार प्रांतरचनेची रेघ मध्यें पडली आणि तिच्या त्या बाजूस खेड्यांत आकाशांतून कन्नड चित्र उतरूं लागलें, ह्या बाजूचीं मराठी खेडीं कोरडीं राहिलीं.

परंतु ज्यांना तें चित्र मिळालें त्यांच्याजवळ तरी वर्षाअखेरीस काय उरलें? प्रयोगाची मुदत संपली, उपग्रह आपल्या जागेवरून हलविला गेला, आणि शाळेंतील संच मुका झाला. १९७७ सालीं गुलबर्ग्यास जमिनीवरचें प्रक्षेपणकेंद्र निघालें हें खरें; पण पहिल्या वर्षीं ज्या खेडुतांनीं चित्र पाहिलें त्यांच्या गांवीं त्या वर्षाचा एक क्षणहि मागें राहिला नाहीं. संच घेणारा होता, ठेवणारा नव्हता. आश्चर्याची गोष्ट ही कीं, नेमक्या त्याच वर्षीं, म्हणजे १९७५ सालीं, जपानांत सोनी कंपनीनें घरगुती मुद्रणाचें बीटामॅक्स यंत्र विक्रीस काढलें, आणि १९७६ सालीं जेव्हीसी कंपनीचें व्हीएचएस त्याच्या स्पर्धेस उतरलें. एकीकडे जगांतील अत्यंत दरिद्री खेड्यांस चित्र पाहण्याचें सामर्थ्य मिळत होतें, तर दुसरीकडे सधन शहरांस तें धरून ठेवण्याचें. पाहणारा व ठेवणारा ह्यांच्यांतील ही दरी पुढें बरींच वर्षें टिकली.

१९८२ च्या ऑगस्टांत दोन गोष्टी घडल्या. उस्मानाबाद जिल्ह्यांतून लातूर वेगळा झाला. आणि दिल्लीहून दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम व त्याबरोबर रंगीत चित्र सुरू झालें. त्या वर्षाअखेरच्या आशियाई खेळांच्या निमित्तानें परदेशांतून रंगीत संच व व्हीसीआर देशांत आले. १९८३ सालीं इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला, आणि १९८४ सालीं देशभर लहान शक्तीच्या प्रक्षेपण मनोऱ्यांची रांग उभी राहूं लागली. ह्या मनोऱ्यांवरून मुख्यतः दिल्लीचेंच चित्र पुढें पाठविलें जाई. मुंबई केंद्राचा ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांसाठीं असलेला कार्यक्रम ज्यांच्यासाठीं होता त्या सर्वांपर्यंत पोंचत होता, असें म्हणतां यावयाचें नाहीं. १९८७ च्या जानेवारींत ‘रामायण’ मालिका सुरू झाली, आणि रविवार सकाळीं गांवें ओस पडूं लागलीं. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडावी, संचाला हार घालावा, असे ते दिवस होते. एखादा भाग चुकला तर तो कायमचा चुकला. देवाचें दर्शन आणि दूरदर्शन ह्या दोहोंत हा एक मोठाच फरक होता.

ह्याच सुमारास खेड्यांत ‘व्हिडिओ’ आला. वर्गणी काढावी, तालुक्याहून रंगीत संच व व्हीसीआर भाड्यानें आणावा, आणि रात्रभर तीन-चार चित्रपट पाहावे, ही रीत पुष्कळांस आठवत असेल. ह्या करमणुकीस शिष्ट लोकांनीं नांवें ठेविलीं. सरकारनेंहि १९८४ सालीं कॉपीराइट कायद्यांत दुरुस्ती करून चोरट्या फितींवर कडक शिक्षा आणिली. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें ह्या यंत्राचें महत्त्व निराळेंच आहे. चित्र थांबवितां येतें, मागें नेतां येतें, आणि आपल्या कपाटांत ठेवतां येतें, हें सामान्य माणसाला प्रथम कळलें तें ह्या यंत्रामुळें. त्याच वर्षीं, १७ जानेवारी १९८४ रोजीं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं निर्णय दिला कीं, पुढें पाहण्यासाठीं घरीं कार्यक्रम टिपून ठेवणें हा गुन्हा नव्हे. चार न्यायमूर्तींचें मत उलट होतें, ह्यावरून हा हक्क किती बारीक धाग्यावर लोंबत होता हें ध्यानांत येईल. आपल्याकडील कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमांतहि, मुद्रण करणाऱ्याच्या खासगी उपयोगासाठीं किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठीं केलेलें मुद्रण प्रक्षेपणकर्त्याच्या हक्काचा भंग ठरत नाहीं, असें स्पष्ट आहे. अर्थात् स्वतःसाठीं ठेवणें वेगळें, आणि तें विकणें किंवा चव्हाट्यावर मांडणें वेगळें. हा विवेक घरच्या दप्तरालाहि सुटत नाहीं.

आतां ह्या कथेंतील दुःखाच्या पानाकडे वळलें पाहिजे. १९९३ सालीं २९ सप्टेंबरास गणपति बोळवून लोक निजले, आणि ३० तारखेच्या पहाटें ३ वाजून ५६ मिनिटांनीं जमीन हादरली. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि आज लोहारा तालुक्यांत असलेलें सास्तूर ह्या दोन गांवांचीं नांवें त्या दिवसापासून जोडीनेंच घेतलीं जातात. ह्या भागांतील घरें जाड दगडमातीच्या भिंतींचीं, वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत थंडावा देणारें तेंच छप्पर निजलेल्या माणसांवर कोसळलें, आणि मृतांचा आंकडा दहा हजारांच्या घरांत गेला. पुढें बावन्न गांवें जुन्या जागेवरून उठवून नव्या जागीं वसविण्यांत आलीं.

माळवद पडलें म्हणजे त्याच्याखालीं केवळ माणूस जात नाहीं. पेटी, वह्या, तसबिरी, खरेदीखतें, लग्नाचे फोटो, सारेंच जातें. राजवाड्यांच्या रुमालाची जी जागा, तीच त्या रात्रीं नाहींशी झाली. आणि गांवहि जागेवरून हललें, तेव्हां ‘येथें आपला वाडा होता’ असें बोट दाखवून सांगावयास गल्लीहि उरली नाहीं. त्या दिवसांत देशानें हा मुलूख पाहिला तो दूरचित्रवाणीवर. परंतु ज्यांचीं घरें त्या चित्रांत होतीं त्यांना तें चित्र पाहावयास घर नव्हतें. आपल्या आळीचें, पारावरच्या पिंपळाचें, पडक्या वेशीचें शेवटचें हलतें चित्र कोठें तरी दूरच्या एखाद्या कपाटांत असेल, ह्या कल्पनेवर तेथील माणसानें समाधान मानावयाचें. जगाजवळ आपल्या गांवाची स्मृति असावी आणि गांवाजवळ नसावी, ह्याहून विपरीत तें काय?

कोणी म्हणेल, कीं तीं कपाटें सुरक्षित आहेत ना, मग झालें. पण कपाटांचा इतिहासहि फारसा आश्वासक नाहीं. चित्रफीत महाग होती त्या काळीं मोठमोठ्या संस्थांनीं जुनें पुसून त्याच फितीवर नवें उतरविलें. खुद्द बीबीसीनें ‘डॉक्टर हू’ ह्या आपल्या लोकप्रिय मालिकेचे १९६० नंतरच्या दशकांतले कित्येक भाग असेच घालविले. त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकावयास मिळतो तो घरीं संचासमोर ध्वनिमुद्रक धरून बसलेल्या प्रेक्षकांमुळें. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील मॅरियन स्टोक्स ह्या बाईनें सुमारें तीस-पस्तीस वर्षें, २०१२ सालीं मृत्यु येईपर्यंत, आपल्या घरीं वृत्तवाहिन्यांचें अहोरात्र मुद्रण चालविलें. तिच्यामागें फितींची संख्या सत्तर हजारांच्या घरांत निघाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांस तें वेड वाटलें असल्यास नवल नाहीं. पण तो सारा संग्रह पुढें इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेनें आदरानें स्वीकारला. जुन्या पत्रांचे रुमाल सांभाळणाऱ्या आपल्याकडील म्हाताऱ्यांची ही सख्खी बहीण म्हणावयास हरकत नाहीं.

मॅरियनबाईस जें करावयास अनेक यंत्रें व खोल्याच्या खोल्या लागल्या, तें आज एका फळीवर मावतें. दूरदर्शनचे जुने मनोरे बहुतेक बंद झाले. पण २००४ सालीं सुरू झालेल्या, आतां डीडी फ्री डिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवेची तबकडी दरमहा एक पैसाहि न देतां खेड्यांतील छपरावर चालते. तिच्यावरून येणाऱ्या, कुलुपबंद नसलेल्या वाहिन्या संगणकांत बसविलेल्या ट्यूनर कार्डानें सरळ टिपतां येतात. बाजारांत मिळणाऱ्या कित्येक साध्या सेटटॉप बॉक्सांना तर पेनड्राइव्ह लावला कीं काम होतें. टिपलेलें चित्र हार्ड डिस्कवर राहतें, आणि घरांतील राउटरच्या वाटेनें माजघरांतल्या टीव्हीवर, ओसरीवरल्या मोबाईलवर, जेथें हवें तेथें पाहतां येतें. साध्या वाहिनीचें चित्र सेकंदाला चार मेगाबिट धरलें तर तासाला १.८ जीबी जागा लागते. म्हणजे तळहाताएवढ्या एक टीबीच्या डिस्कवर साडेपांचशें तास मावतात. तीन तासांच्या व्हीएचएस फितींचा हिशेब केला तर ह्या एका डिस्कला १८० हून अधिक फिती लागल्या असत्या.

ह्या कामासाठीं लागणारी संगणकाची सामग्रीहि फुकट मिळते. मिथटीव्ही ही २००२ पासून, आणि आज कोडी ह्या नांवानें ओळखली जाणारी दुसरी २००३ पासून, जगभरच्या हौशी लोकांनीं मिळून चालविलेली आहे. मायक्रोसॉफ्टनेंहि २००२ सालीं विंडोजमध्यें असाच एक विभाग घातला होता. २०१५ च्या आवृत्तींत तो काढून टाकण्यांत आला, आणि त्याच्यावर विसंबलेल्यांची पंचाईत झाली. हौशींनीं केलेलें टिकलें आणि धनिकांनीं केलेलें गेलें, ह्यांत एक बोध आहे. भाड्याच्या पेटीचेंहि तेंच: वर्गणी घेणाऱ्या सेवांच्या मुद्रणपेट्यांत टिपलेलें चित्र सामान्यतः त्याच पेटीच्या किल्लीनें उघडतें, पेटी बिघडली किंवा वर्गणी थांबली कीं संग्रह मुका. तो आपल्या घरांत असतो, पण आपला नसतो.

आतां तर तबकडीचीहि गरज उरली नाहीं, मागाल तें चित्र मोबाईलवर येतें. प्रसारभारतीनें २०२४ च्या नोव्हेंबरांत ‘वेव्ह्ज’ नांवाचा मंच काढून आपले जुने कार्यक्रमहि तेथें मांडले आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि सरकारी दप्तर उघडलें म्हणून घरचे रुमाल निरुपयोगी होत नाहींत. दप्तरखान्याचा अधिकारी त्याला महत्त्वाचें वाटेल तें निवडतो. ‘रामायण’ तो पुन्हा दाखवील, २०२० च्या टाळेबंदींत दाखविलेंहि. परंतु प्रादेशिक बातम्यांत दीड मिनिट चमकून गेलेली सास्तूरची शाळा किंवा लोहाऱ्याचा आठवडी बाजार तो कशाला शोधील? तें दीड मिनिट ज्याचें आहे त्यानेंच तें ठेविलें पाहिजे.

मात्र ठेवणें म्हणजे कोंबणें नव्हे. तारीख नसलेल्या पत्रानें इतिहासकारास जसें छळलें तसेंच नांव-दिनांक नसलेली फाईल उद्यांच्या अभ्यासकास छळील. कोणती वाहिनी, कोणता दिवस, कोठें टिपलें, चित्रांत कोण आहे, एवढें चार ओळींत लिहावें. एक डिस्क बिघडते, म्हणून दुसरी प्रत नातेवाइकाच्या घरीं, शक्य तर दुसऱ्या गांवीं, ठेवावी. भूकंपानें दिलेला धडा विसरूं नये. जुन्या फितींची घाई तर फारच आहे. त्या वाचणारीं शेवटचीं यंत्रें जपानांतील फुनाई कंपनीनें २०१६ सालीं बनविण्याचें थांबविलें. फीत शाबूत असली तरी ती वाचणारें यंत्र मिळेनासें झालें म्हणजे ती न लागलेल्या लिपीसारखीच.

आणि शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दूरचित्रवाणीनें जें दाखविलें तें दिल्ली-मुंबईच्या डोळ्यांनीं दाखविलें. तेवढेंच सांठविलें तर लोहाऱ्याचें दप्तर हें पुन्हा परक्याचेंच दप्तर होईल. म्हणून त्याच डिस्कवर घरची लग्नाची फीत उतरून ठेवावी. आणि ज्या आजीनें त्या पहाटें ढिगाऱ्यांतून हात वर केला तिला समोर बसवून, तिचें बोलणें तिच्याच शब्दांत व तिच्याच सुरांत टिपून घ्यावें. त्या रात्रीं विशीत असलेलीं माणसें आज पन्नाशी ओलांडून गेलीं आहेत. त्यांच्याहून वडील असलेलीं दरसाल कमी होत आहेत. राजवाडे ज्या घरांत उशिरा पोंचले तेथें त्यांना कागदांऐवजीं वाळवीची माती मिळाली. आपल्या घरीं आपणच आहों. उशीर झाला असें म्हणावयास आपल्याला सबब नाहीं.